कवीच्या पुतळ्याखालची डाळिंबं

बावीस वर्षं एका कसलेल्या पाथरवटाकडून आम्ही स्वयंपाकघराचे ओटे आणि बेसिनचे कट्टे करून घेतले, हे लिहितानाही माझं डोकं तापतं. मस्कतच्या घाला भागात आमचा दगडाचा कारखाना आहे. मी तिथला सुपरवायझर. गाव रोह्याजवळ, राहायला मस्कतच्याच रुवीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बायको आणि मुलीसह. तो पाथरवट म्हणजे आमचे मेस्त्री, कुडाळकडचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, कारखान्याच्या कॅम्पमध्ये राहणारे. त्यांचे वडील आणि आजोबा देवळांच्या दीपमाळा, तुळशीवृंदावनं घडवायचे. वडिलांच्या छिन्न्या मेस्त्रींनी फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेतून ओमानला आणल्या होत्या आणि बावीस वर्षांत त्या ट्रंकेबाहेर पडल्या नव्हत्या. आमच्याकडे काम कसलं, तर दगड मशीनवर कापायचा, ग्राइंडरने कड गोल करायची, बेसिनचं भोक पाडायचं आणि पुढचा ओटा घ्यायचा. दुक्मच्या साइट ऑफिसांत, इब्राच्या व्यापाऱ्यांच्या बंगल्यांत, मस्कतमधल्या कितीतरी हॉटेलांच्या संडासांत मेस्त्रींच्या हातचं काम आहे. लोक त्यावर हात धुतात आणि निघून जातात.

मग तो कवी आला. अझरबैजानचा, काही शतकांपूर्वीचा, त्यांच्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असलेला. मस्कतमध्ये एका सांस्कृतिक संस्थेच्या बागेत त्याचं स्मारक उभं राहायचं होतं, दोन देशांच्या मैत्रीखातर. कवीचा कांस्याचा अर्धपुतळा बाकूहून पेटीत बंद होऊन यायचा होता आणि त्याच्याखालचा छातीइतक्या उंचीचा चौथरा ओमानी दगडात, आमच्या कारखान्यात व्हायचा होता. चौथऱ्याच्या वरच्या काठाला चारही बाजूंनी डाळिंबांची किनार कोरायची होती. पानं, फुलं, कळ्या, मध्ये मध्ये उकललेली डाळिंबं. पुतळा घडवणाऱ्या बाईंनीच किनारीचं चित्र काढून पाठवलं होतं. हा कवी कोण, म्हणून मी घरी मुलीला विचारलं. तिने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "बाबा, हा लव्ह स्टोरीज लिहायचा. सॅडवाल्या." एवढ्यावर आमचं वाङ्मय आटोपलं.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आपलाच, मराठी, ठाण्याचा. तसा माणूस वाईट नव्हता, असं अशा ठिकाणी लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. त्याने किनार मशीनवर कोरून घेतली आणि नमुन्याचा फोटो बाकूला पाठवला. बाईंचं उत्तर दोन ओळींत आलं. हे डाळिंब नाही, बिस्किट आहे, आणि हाताने कोरणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर आत्ताच कळवा. मॅनेजरने ती ईमेल मला दाखवली. "आता हाताने कोरणारा कुठून पैदा करायचा? इंडियातून मागवायचा का?"

मेस्त्री दहा पावलांवर एका ओट्याची कड घासत होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"हा? हा तर किचनवाला आहे," मॅनेजर म्हणाला.

किचनवाल्याने दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. छिन्न्यांना तेल दिलं, धार लावली, एका टाकाऊ तुकड्यावर सकाळभर नुसते घाव घालून दगड कसा फुटतो ते पाहिलं. बाईंचं चित्र त्यांनी भिंतीला चिकटवलं, थोडा वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "ह्या चित्रातला डाळिंब, भाऊ. माका खराखुरा होया." तेव्हा जबल अख्दर डोंगरावरची डाळिंबं बाजारात आली होती. मी रुवीतून चार नेली. मेस्त्रींनी एक उकललं आणि कामाच्या टेबलावर ठेवलं. दाणे सुकत गेले, साल आक्रसत गेली, तसं तसं ते त्याच्याकडे जास्तच बघायला लागले. किनारीतल्या डाळिंबांपैकी काही ताजी आहेत आणि काही सुकायला आलेली, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. चित्रात असं काही नव्हतं.

तीन महिने ते काम चाललं. मॅनेजर रोज येऊन किती टक्के झालं विचारायचा. मेस्त्री टक्क्यांत बोलत नसत, ते कोपऱ्यांत बोलत. दोन कोपरे झाले, तिसरा धरलाय. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, पण त्या दिवसांत जेवायला उठवायलाही मला जावं लागायचं. मी त्यांना इतकी वर्षं बघतोय. ओट्यावर काम करताना त्यांचा चेहरा बंद दुकानासारखा असायचा. आता ते दगडाशी पुटपुटत, मध्येच हसत. मी याला बावीस वर्षं काय करायला लावलं, असं माझ्या मनात यायचं आणि मला स्वतःचाच राग यायचा. अर्थात तो राग मी घरी जाऊन बायकोवर काढायचो, कारण तिथे तो काढायला सोपा होता.

एक दिवस चहाच्या वेळी मेस्त्री म्हणाले, "भाऊ, एक मागू?"

"मागा की."

"कापड काढतले त्या दिवशी माका थंय उभो करशात? पाठी रवतलंय. कोणाच्या मदी येवचंय नाय."

त्यांना एवढंच हवं होतं. आपण कोरलेलं एक काम उभं राहताना आपल्या डोळ्यांनी बघायचं. ओटा बसवायला दुसरी माणसं जातात. बावीस वर्षांत मेस्त्रींनी स्वतःचं एकही काम जागेवर बसलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मागे कशाला? पहिल्या रांगेत उभे राहाल तुम्ही. माझा शब्द." माझा शब्द. किती सहज बोलून गेलो मी.

आता त्या हळदीबद्दल सांगायला हवं. मेस्त्री दगड पुजल्याशिवाय बसवत नसत. साधा ओटा असला तरी ट्रकमध्ये चढवण्याआधी त्याच्या मागच्या, भिंतीकडे जाणाऱ्या बाजूला हळदीकुंकवाचं एक एक बोट लावायचे. मोठं काम असलं तर नारळ. हा नारळ आणायचा आमचा पोलिशवाला. तो रत्नागिरीकडचा, मुसलमान, मेस्त्रींचा कॅम्पमधला शेजारी. रुवीतल्या दुकानात नारळ कानाशी हलवून, पाणी वाजतंय का बघून, निवडून आणायचा आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा हक्काने खायचा. दगड मेस्त्रींचा, नारळ पोलिशवाल्याचा, असा त्यांचा करार होता. कितीतरी ओट्यांच्या पाठीवर ती दोन बोटं आहेत. कुणाला कधी दिसली नाहीत, कुणाचं काही बिघडलं नाही, आणि अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, हे ठाऊक होतं. तो इब्राचा म्हातारा माणूस. एकदा त्याने स्वतः खोबरं मागून घेतलं होतं.

चौथरा बागेत बसवला त्या दिवशी सकाळी क्रेन आली होती. अनावरणाला आठ दिवस होते. पुतळा पेटीतून काढून पट्ट्यांत अडकवून ठेवला होता. पुतळा चढवण्याआधी मेस्त्रींनी चौथऱ्याच्या माथ्यावर, जिथे नंतर कांस्याचं बूड बसणार होतं तिथे, ओली हळद आणि कुंकू लावलं. मग त्यांनी नारळ हातात घेतला आणि इकडे तिकडे पाहिलं. कारखान्यात टाकाऊ दगडांचे ढीग असतात, त्यावर नारळ फुटतो. इथे सगळीकडे नव्या फरशा आणि कातरलेलं गवत. क्रेनवाला हॉर्न वाजवत होता. त्याला पुढच्या साइटवर जायचं होतं आणि मला दर दोन मिनिटांनी मॅनेजरचा फोन येत होता.

"मेस्त्री, हातातच फोडा इथे वरती," मी म्हणालो.

"वाटी घेतंय, पानी धरूक."

"राहू दे वाटी. आटपा. यल्ला."

त्यांनी हातोडीने टोला दिला. नारळाचं पाणी माथ्यावर सांडलं, हळद घेऊन पुढच्या काठावरून खाली आलं आणि समोरच्या तीन डाळिंबांत मुरलं. दगड पाणी पिणारा होता. त्यावर डाग बसू नये म्हणून जे औषध लावायचं असतं, ते पुतळ्याचे बोल्ट बसल्यावर लावू, असं मीच ठरवलं होतं. तेव्हा वाटी नको म्हणणारा मी आणि दगड कोरा ठेवणारा मी. हे दोन्ही मी आज लिहितोय. तेव्हा बोललो असतो तर त्याला काही किंमत होती.

पुतळा चढला, बोल्ट बसले, क्रेन गेली. मेस्त्री समोर येऊन उभे राहिले. पिवळा ओघळ बघून ते अजिबात घाबरले नाहीत. "काय होवचा नाय. हळद ऊन खाता. चार दिसांत दिसाची नाय." बरोबर होतं ते. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लग्नातली पातळं उन्हात घालूनच पांढरी होतात. आणि मस्कतचं ऊन, थंडीतलं असलं तरी, म्हणजे ऊन. आठ दिवस पुष्कळ होते.

दुपारी मॅनेजर आला. त्याने ओघळ पाहिला, मग फरशीवर पडलेली करवंटी पाहिली.

"हे काय केलंय? अरे, मुस्लिम कंट्री आहे ही. मुस्लिम पोएट आहे. त्याच्यावर हळदीकुंकू? एम्बसीवाले उद्या व्हिजिटला येतायत. कळतंय का काही?" तो बागेच्या सफाईवाल्यांना हाका मारायला लागला. साबणाचं पाणी आणा, ब्रश आणा.

मेस्त्री पुढे झाले. "साबण नको, सायबानू. साबण लावल्यार लाल होतली."

"तू बाजूला हो."

हळदीला साबण लागला की काय होतं, हे त्या मॅनेजरच्या आईला माहीत असणार, बायकोला माहीत असणार. चुना घालून हळदीचं कुंकू करतात, हे त्याने लहानपणी पाहिलंही असेल. पण ठाण्याहून निघताना तो हे सगळं मागे ठेवून आला होता. मला माहीत होतं. मी म्हणालो, "सर, थोडं थांबूया का?" इतक्या हळू म्हणालो, की ते मला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. सफाईवाल्याने ब्रश मारला आणि तिन्ही डाळिंबांवरून लाल ओघळ खाली आला. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. त्याला ते रक्तच वाटलं. त्याने आणखी साबण ओतायला लावला आणि लाल आणखी पसरलं. स्वतःच्या हाताने त्याने डाग तिपटीने वाढवला आणि मग गुन्हेगार शोधायला लागला.

आम्हाला त्याने तिथेच रांगेत उभं केलं. मी, मेस्त्री, पोलिशवाला.

"कुणाला विचारून केलंस हे?" त्याने मेस्त्रींना विचारलं.

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दगडाकडे बघत म्हणाले, "कोणाक नाय."

मी उभा होतो. एक पाऊल पुढे टाकायचं होतं, तीन शब्द बोलायचे होते. मला विचारून केलं. मी खिशातला मोबाइल चाचपत राहिलो. पोलिशवाला मात्र पुढे झाला. तो मॅनेजरशी हिंदीतच बोलायचा. "साब, नारियल मैं लाया था. मेरा भी नाम लिखो."

मॅनेजर त्याच्यावर खेकसला, "तू चुप बैठ. तेरा नाम इसमें नहीं चाहिए." आणि ते नाव का नको होतं ते मला लगेच कळलं. मुसलमानाने आणलेला नारळ म्हटल्यावर मॅनेजरची सगळी गोष्टच कोसळत होती. त्याला कवीचा अपमान झाल्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला भीती होती ती स्वतःच्या खुर्चीची, आणि भीतीला द्यायला एक माणूस हवा होता. कुणी तक्रार करायच्या आत, कुणाला कळायच्या आत, त्याने तो माणूस काढून ठेवला. एम्बसीवाल्यांनी काही म्हटलं नव्हतं. अर्बाबने काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसाची व्हिजिट तर झालीच नाही, पुढे ढकलली. आपल्याच माणसाला आपल्याच माणसाने, कुणी न सांगता, गोतास काळ होऊन घालवलं.

"रजेवर पाठव याला," मॅनेजर मला म्हणाला. "परत बोलावू नको. कागदावर लीव्ह दाखव. परवाचं तिकीट काढ."

रजेचा फॉर्म मी भरला. कारणाच्या रकान्यात घरगुती काम असं मी लिहिलं, माझ्या हस्ताक्षरात. मेस्त्रींनी सही केली. सही करताना चष्मा शोधायला त्यांना थोडा वेळ लागला आणि तेवढा वेळही मी बोलायला वापरला नाही.

विमान दुपारचं होतं, गोव्याचं. मी त्यांना माझ्या गाडीतून सोडायला गेलो. मागच्या सीटवर ट्रंक. मला वाटत होतं, आता हा माणूस मला शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. आई-बहिणीवरून घातल्या असत्या तर मी गाडी बाजूला घेऊन ऐकून घेतल्या असत्या. मेस्त्री खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुमचा चेडू धावीत आसा," ते म्हणाले. "तुमी खय जातलात?"

माझ्या मुलीची दहावी त्यांनी लक्षात ठेवली होती, जिला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. मला त्यांचाही राग आला. हो, त्यांचाही. एखादा माणूस आपल्यापेक्षा इतका मोठा निघाला की त्याच्यासमोर उभं राहायला जागा उरत नाही, आणि त्या अडचणीचा राग येतो. मी त्यांना परत बोलावून घेतो, सगळं निवळू दे, असं काहीतरी बडबडलो. त्यांनी मान हलवली. विमानतळावर ट्रंक ट्रॉलीवर ठेवताना ते म्हणाले, "दगडाक कोणाक हात लावक देव नकात. ऊन खावंदे. आणि डाग गेलो काय ता कळवा."

आपण तिथे उभे राहणार होतो त्याचं काय, हे त्यांनी विचारलं नाही.

मी साबणवाल्यांना त्या दगडापासून लांब ठेवलं. एवढं एक केलं. पहिल्या दिवशी लालाचं पुन्हा पिवळं झालं, मग पिवळं फिकट होत गेलं. पाचव्या दिवशी सकाळी मी पाण्याचा हात फिरवून, डोळे जवळ नेऊन पाहिलं. तिन्ही डाळिंबं कोरी होती, दगडाच्या स्वतःच्या रंगाची. मी मेस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, एक अंगठा. मग थोड्या वेळाने व्हॉइस मेसेज. त्यात ते औषध कुठल्या कोपऱ्यापासून लावायला सुरुवात करायची, ते सांगत होते.

त्याच दुपारी अर्बाब काम बघायला आला. काठी टेकत चौथऱ्याभोवती फिरला, एका डाळिंबावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने विचारलं, "मेस्त्री वेन?" कुठे आहे मेस्त्री? मॅनेजर हसत म्हणाला, "इजाजा, अर्बाब. बेटी की शादी." रजा, मुलीच्या लग्नासाठी. मेस्त्रींना मुलगी नाही. एकच मुलगा आहे. अर्बाबचा चेहरा खुलला. "मबरूक, मबरूक," तो म्हणाला आणि मेस्त्री परत आल्यावर मला सांग, मला त्याला भेटायचंय, असं त्याने मला बजावलं. मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली. डागाचं कारण सांगून माणसाला घालवलं होतं. आता डाग नव्हता, तरी माणसाला परत आणायचं मॅनेजरच्या मनात नव्हतं, कारण परत आणलं असतं तर का घालवला, हे सांगावं लागलं असतं.

अनावरण सोमवारी सकाळी झालं. पांढऱ्या कापडाच्या मांडवात खुर्च्या, खजूर, छोट्या कपांतून कॉफी. भाषणं झाली. कवीने माणसामाणसांतल्या प्रेमाबद्दल किती थोर लिहिलं आहे, हे तीन भाषांत सांगितलं गेलं. प्रत्येक वक्ता प्रेम म्हणाला की मॅनेजर टाळ्या वाजवायचा. मी पहिल्या रांगेत उभा होतो. माझ्यासाठी ती जागा कुणीतरी राखून ठेवली होती. कवीशी माझं काही वाकडं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, हा बिचारा वर उभा राहून सगळं ऐकतोय, याच्या नावाने काय काय चाललंय, आणि याच्या खालचा दगड कोरणाऱ्या माणसाचं नाव घ्यायला एकाही भाषणात जागा नाही.

कापड सरकलं. सगळ्यांचे मोबाइल वर गेले, पुतळ्याच्या चेहऱ्याकडे. एकट्या त्या बाई, ज्यांनी तो चेहरा घडवला होता, चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. साठीच्या, बुटक्या, पांढरे केस आखूड कापलेल्या. त्या चौथऱ्याजवळ गेल्या आणि चक्क किनारीला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या. उकललेल्या डाळिंबात त्यांनी अंगठा घातला. मग उठून मागच्या बाजूला गेल्या, जिथे कुणी बघणार नाही. तिथेही मेस्त्रींनी तितकंच बारीक काम केलं होतं. सुकायला आलेली डाळिंबं बहुतेक तिकडेच होती. बाई परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. तुटक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

मॅनेजरने माझ्या कोपराला धरून मला पुढे ढकललं. "आमचे स्टोन सुपरवायझर, मॅडम. ह्यांनीच केलं." आणि मराठीत, ओठ न हलवता, "हो म्हण."

मी हसलो आणि हात पुढे केला. मी. कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे तळवे खरखरीत होते. त्यांनी माझा हात उलटा केला, पंजा वर केला आणि बोटांच्या मुळांवरून अंगठा फिरवला, जिथे छिन्नी धरणाऱ्याला घट्टे पडतात. माझ्या हाताला पेन आणि स्टिअरिंग यापलीकडे काही माहीत नाही. त्यांनी तो हात सावकाश सोडून दिला.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तो कुठे आहे?"

"रजेवर आहे," मी म्हणालो. कागदावर तसंच होतं.

"मी गुरुवारपर्यंत आहे. रोज सकाळी दहाला इथे येऊन बसेन. त्याला सांगा. मला तो माणूस बघायचाय."

"इन्शाल्ला," मी म्हणालो. आखातात राहिलेल्या कुणालाही कळलं असतं, की माझ्या तोंडून त्या शब्दाचा अर्थ नाही असाच होतो. त्या नव्या होत्या. त्यांनी विश्वास ठेवला.

मंगळवारी दहा वाजता साइटवर जाताना मी त्या रस्त्याने गेलो. बाई बाकावर बसल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांकडे बघत. बुधवारी पोलिशवाला माझ्या शेजारी गाडीत होता. बाई त्याच बाकावर होत्या, शेजारी एक जागा मोकळी सोडून. बाई कुणाची वाट बघतायत, हे एव्हाना कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिशवाल्याने त्यांना पाहिलं आणि तो सीटवर सावरून बसला.

"भाऊ, गाडी थांबवा," तो म्हणाला. "तुम्ही उतरू नका. मी जाऊन सांगतो त्यांना."

मी गाडी थांबवली नाही.